पट्टा पुरेना

पहाटे सात नंबरचा पॅक विमानात बसवायला घेतला आणि वेल्क्रोचा पट्टा पुरेना. हाच पट्टा होळीपर्यंत दोन बोटे उरत होता. पिळला असेल म्हणून सोडून पुन्हा घातला, तरी तेच. मग पॅक बाहेर काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवला, तर तो बिनबुडाच्या गडूसारखा डुलायला लागला. तीन सेलांपैकी मधल्याचे पोट सुटले होते. वारा पडलेला, आभाळ मोकळे, भाचा रिमोट गळ्यात अडकवून तयार. त्याचे म्हणणे, "मामा, एकच फेरी." नाही म्हणालो. त्या दिवशी धरलेला रुसवा चहाच्या टपरीवर उतरला.

वहीत एवढेच लिहिले : "७. फुगला. का?"

०

बँकेत तीस वर्षे खतावण्या लिहिल्या, ती खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. माझ्या प्रत्येक पॅकला एक पान आहे. तारीख, किती मिनिटे उडाला, उतरल्यावर प्रत्येक सेलवर किती व्होल्ट उरले, चार्जरने परत किती एमएएच भरले आणि अंतर्गत रोध. शेवटचा रकाना दोन वर्षांपूर्वी वाढवला. भाचा म्हणतो, "विमान उडवता का पासबुक भरता?" दोन्ही.

०

नवख्यांसाठी. आम्ही वापरतो ती बॅटरी म्हणजे लिथियम पॉलिमर, बोलीत 'लायपो'. एका सेलचे नाममात्र ३.७ व्होल्ट, पूर्ण भरला की ४.२. असे तीन एकामागे एक जोडले की 'थ्री-एस', म्हणजे ११.१, भरल्यावर १२.६ व्होल्ट. २२०० एमएएच क्षमतेचा थ्री-एस हा छंदातला सगळ्यात चालणारा नग. आमच्यात त्याला नुसते 'बावीसशे' म्हणतात. वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा ऐवजातून सव्वा किलोचे विमान सरळ उभे आकाशात चढते. मग त्याचे नखरेही सोसावे लागतात.

०

टॉर्चमधल्या गोल लिथियम सेलला पोलादी डबा असतो आणि दाब वाढला तर सुटायला झडप. लायपोला डबाच नाही. प्लॅस्टिक चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पन्नीची पिशवी, चारी कडा उष्णतेने चिकटवलेल्या. वजन वाचवायचे म्हणून डबा गेला आणि त्याबरोबर झडपही. आत इलेक्ट्रोलाइट बिघडून वायू झाला की त्याला जायला वाट नाही, म्हणून पिशवी फुगते. हे वायू म्हणजे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, थोडा हायड्रोजन, मिथेन, इथिलीन. यातले निम्मेअधिक पेट घेणारे.

सुईने टोचून वायू काढायचा आणि वर चिकटपट्टी लावायची, हा 'उपाय' मला आजवर तिघांनी सांगितला आहे. तिघेही सुशिक्षित. टोचले की बाहेरची दमट हवा आत जाते, इलेक्ट्रोलाइटमधल्या क्षाराची पाण्याशी गाठ पडून हायड्रोफ्लोरिक आम्ल बनते. सुई दोन थरांतून आरपार गेली तर आतच शॉर्ट. पोट दुखते म्हणून पोटच फोडण्यातला प्रकार.

०

सगळे फुगणे सारखे नसते. उतरल्यावर गरम पॅक दाबून पाहिला तर कधी उशीसारखा मऊ लागतो आणि तासाभरात, थंड झाल्यावर, पुन्हा चपटा होतो. तिथे इलेक्ट्रोलाइटची थोडी वाफ होऊन परत विरली. हा इशारा. थंड होऊनही उशी तशीच राहिली तर तो वायू कायमचा, रासायनिक. तो परत जात नाही. सात नंबर रात्रभर फरशीवर ठेवून पाहिला. सकाळी तसाच डुलत होता.

०

आमचे मैदान म्हणजे अकोल्याबाहेरचे एक शेत, शिवणीच्या विमानतळाच्या अगदी उलट्या दिशेला. काळी जमीन, कपाशीची. उलंगवाडी होऊन पऱ्हाट्या उपटल्या की मृगापर्यंत शेत रिकामे, तोवर मालक आम्हाला उडवू देतात. उपटल्या म्हटले तरी खुंट राहतातच. विमान उतरताना प्रॉपेलर एका खुंटाला लागतो आणि कट्कन मोडतो. मार्चमध्ये एका महिन्यात चार मोडले.

सात नंबरची गोष्ट खरी तिथून सुरू होते, बॅटरीपासून नाही.

०

१०×७ संपले. दुकानात ११×७ होते. दहा म्हणजे व्यास इंचात, सात म्हणजे एका फेऱ्यात हवा किती इंच कापायची तो पीच. एका इंचाने काय बिघडते, म्हणून आणले. विमान छान ओढू लागले, चढ आणखी उभा झाला. भाचा खूश, मी खूश.

प्रॉपेलरला लागणारी ताकद व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. फेरे तेच राहिले तर दहाचे अकरा केल्यावर १.१ चा चौथा घात, म्हणजे १.४६. जवळपास दीडपट. प्रत्यक्षात मोटरचे फेरे थोडे पडतात म्हणून इतके होत नाही, पण आता वॅटमीटर लावून मोजले तेव्हा जमिनीवर पूर्ण थ्रॉटलला १०×७ वर ३२ अँपिअर आणि ११×७ वर ४३ अँपिअर. हे मोजमाप मार्चमध्येच करायला हवे होते. वॅटमीटर कपाटात होता. कपाटाची किल्ली कुठे आहे तेही ठाऊक होते.

ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा भाग, ६० अँपिअरचा, त्यामुळे त्याने कुरकुर केली नाही. तो चाळीसचा असता तर पहिल्याच दिवशी तापून बंद पडला असता आणि मी शहाणा झालो असतो. नको तिथे मोठा भाग लावला की दुखणे मागच्या दुव्यावर सरकते.

०

शेतमालकांना हे समजावायला मला दोन मिनिटे लागली. इंजिनिअर मित्राला वीस. मालक म्हणाले, "फाळ खोल घातला का बैल दमतेच ना, साहेब. मंग बैलाले काहून दोष देता?" आणि पुढे, "आमची पानबुडी मोटर जयली तं आम्ही वाइंडिंगले शिव्या नाही देत. आधी पाहतो, लाइन डिम होती का, बोअरचं पाणी उतरलं का." व्होल्टेज पडले की मोटर जास्त करंट ओढते आणि पाणी उतरले की तिला थंडावा राहत नाही. विमानाचे निदान याहून वेगळे नाही. ओढ किती आणि हवा किती, हेच दोन प्रश्न.

०

उतरल्याबरोबर बोटांनी तपास. याला कुठलेही यंत्र लागत नाही. मात्र लगेच केला पाहिजे, गप्पांच्या आधी.

नुसता कनेक्टर चटका देत असेल आणि पॅक कोमट, तर सोल्डर कच्चे आहे किंवा कनेक्टरच्या आतली स्प्रिंग सैल. मोटर तापली आणि पॅक ठीक, तर मोटर त्या प्रॉपेलरला लहान पडते आहे. ईएससी एकटा तापला तर बहुधा त्याला वारा नाही. सगळेच तापले तर प्रॉपेलर मोठा. पॅक एकटा तापला, बाकी सगळे गार, तर पॅक म्हातारा.

आणि पॅक किती तापलेला चालेल? मुठीत धरून निवांत बोलत राहता आले तर चाळिशीच्या आसपास आहे, उत्तम. धरवतो पण ठेवून द्यावासा वाटतो, तर पन्नास, तिथे थांबावे. धरवतच नसेल तर साठ गाठले, आणि त्या पॅकचे आयुष्य त्या एका उड्डाणात बरेच खर्ची पडले. अवरक्त थर्मामीटर माझ्याकडे आहे. करोनाच्या दिवसांत घेतला होता. हात त्याच्याइतकाच चालतो.

०

पॅकवर मोठ्या अक्षरात छापलेला 'सी' म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट देता येईल तो आकडा. २२०० वर '२५ सी' असेल तर २.२ गुणिले २५, म्हणजे ५५ अँपिअर. कागदावर माझे ४३ त्यात आरामात बसतात. पण हा आकडा कसा मोजायचा याचा बंधनकारक असा सर्वमान्य नियम नाही. छापणाऱ्याच्या मर्जीवर आहे. सात नंबरसारख्या स्वस्त पॅकचा मी मनातल्या मनात निम्मा धरतो. निम्मा म्हणजे २७. माझे १०×७ वरचे ३२ सुद्धा त्याला जडच होते, ४३ चे बोलायलाच नको.

कर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहिलेला उत्पन्नाचा दाखला बँकेत चालत नसे. इथे का चालवून घेतला?

०

सात नंबरचे पान. अंतर्गत रोध, मिलिओममध्ये, तीन सेलांचा. पॅक पूर्ण भरलेला आणि घरात निवलेला असताना घेतलेला. (गरम पॅकचा रोध कमी दिसतो, म्हणून एकदा गरम आणि एकदा गार मोजले तर ती नोंद कुचकामी.)

मार्चच्या आरंभी : ६, ६, ७.
एप्रिलच्या आरंभी : ८, ९, ८.
एप्रिलअखेर : ११, १६, १२.
मे : १४, २७, १६.

हे आकडे मीच लिहिले, माझ्याच अक्षरात. एप्रिलअखेरीस मधला सेल भावंडांपासून फुटून निघाला होता. लिहिताना मी आकडा वाचला नाही, नुसता उतरवला. बँकेत असे करणाऱ्या कारकुनाला मी झापले असते.

०

आकड्यांतून उष्णता काढायची तर करंटचा वर्ग गुणिले रोध. मार्चमधला पॅक, एकूण १९ मिलिओम, जुना प्रॉपेलर, ३२ अँपिअर : सुमारे १९ वॅट. म्हणजे रेडिओ दुरुस्तीच्या लहान सोल्डरिंग आयर्नपेक्षाही कमी. तोच पॅक आणि ४३ अँपिअर : ३५ वॅट. मे महिन्यातला पॅक, एकूण ५७ मिलिओम, ४३ अँपिअर : १०५ वॅट. म्हाताऱ्या पॅकने तेवढा करंट पुरता दिला नसेल, थोडे कमी धरा. तरी जुन्या काळचा शंभरचा बल्ब झाला, आणि तो मी फोमच्या पेटीत, वर फोमचे झाकण लावून, पट्ट्याने आवळून ठेवला होता.

पट्टा आवळण्यावरून. पॅक हलू नये एवढाच आवळावा. पन्नीवर कडा उमटेपर्यंत नको.

०

वाऱ्याची गंमत अशी की विमानाच्या नाकाला भोक पाडले की आपण समजतो, हवा आत आली. आत येईल, पण बाहेर कुठून जाईल? मागे वाट नसेल तर पुढच्या भोकापाशी हवा नुसती थबकते. बाहेरची वाट आतल्या वाटेपेक्षा मोठी हवी, कारण तापलेली हवा जास्त जागा मागते. माझ्या विमानात पुढे दोन भोके होती, मागे एकही नाही. ब्लेडने शेपटीच्या बाजूला, पोटाखाली, काडेपेटीएवढी खिडकी कापली. पाच मिनिटांचे काम, तीन वर्षे राहिलेले.

०

मला हा छंद लावला तो एनसीसीच्या हवाई शाखेतल्या एका सरांनी. त्यांची विमाने बाल्साची, ग्लो इंजिनाची : मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेल. त्या जळक्या एरंडेलाचा वास अजून कुठे आला तर मी वळून पाहतो. सरांच्या रिसीव्हरला निकेल-कॅडमियमचे सेल होते आणि त्यांचा दंडक होता, "पूर्ण उतरव, मगच भर." निकेल-कॅडमियमला ते शोभत होते. अर्धवट वापरून पुन्हापुन्हा भरले की ते तेवढ्यावरच अडतात अशी ख्याती होती.

तीच शिस्त लायपोला लावली की लायपो मरते. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की आत नुकसान सुरू होते, फार खाली गेला तर ऋण टोकाची तांब्याची पातळ पन्नी विरघळू लागते. ते तांबे पुढच्या चार्जिंगला भलतीकडे जाऊन बसते आणि आतल्या आत शॉर्ट करते. माझे पहिले दोन पॅक मी सरांच्या शिकवणीने, अत्यंत निष्ठेने, मारले.

०

म्हणून किमान शिल्लक. २२०० पैकी ८० टक्के, म्हणजे १७६० एमएएचच्या पुढे खर्च नाही. उतरून दहा मिनिटे थांबल्यावर सेल ३.७५ च्या आसपास असेल तर पाचवा हिस्सा शिल्लक आहे. हवेत असताना बॅलन्स वायरीला (जिच्यावरून प्रत्येक सेलचे व्होल्ट कळतात) लावलेला छोटा भोंगा ३.५ वर वाजतो.

त्या भोंग्याची एक खोड आहे. तो पॅकला लावलेला राहिला तर स्वतःच बॅटरी पितो, आणि सगळ्या सेलांतून सारखी पीत नाही. एकदा घरी येऊन तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बिचारा ओरडून ओरडून गप्प झाला होता आणि पहिला सेल १.९ वर होता.

०

मे महिना. अकोल्यात पारा ४५ च्या घरात जातो हे महाराष्ट्राला बातम्यांतून ठाऊक आहे. उडवणे फक्त पहाटे. पहाटे उडवायचे म्हणून रात्री पॅक भरून ठेवायचे. मग पहाटे वारा सुटतो, किंवा लग्नाचे आमंत्रण निघते, किंवा कोणीतरी आजारी पडते. भरलेला पॅक तसाच राहतो. सात नंबर या उन्हाळ्यात सोळा दिवस पूर्ण भरलेला, पत्र्याच्या कपाटात, पश्चिमेच्या खोलीत होता. तारखा वहीत आहेत.

भरलेला सेल म्हणजे ताणून धरलेले धनुष्य. ४.२ व्होल्टवर आतली इलेक्ट्रोलाइट सतत थोडी थोडी बिघडत असते, आणि दर दहा अंशांना अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. २५ अंशांच्या खोलीत जे दोन महिन्यांत व्हायचे ते ४५ अंशांत पंधरवड्यात. ठेवायचाच तर ३.८० ते ३.८५ वर. चार्जरमध्ये 'स्टोरेज' नावाचा पर्याय त्यासाठीच असतो. मला तो अनेक वर्षे गोदामवाल्यांसाठी आहे असे वाटत होते.

०

पॅक फ्रीजमध्ये ठेवावेत का, हा सनातन वाद. थंडीत ते टिकतात हे खरे. बाहेर काढल्यावर दव धरतात आणि गार असतानाच घाईने चार्जिंगला लावले तर धोका, हेही खरे. आमच्या घरी वादाचा निकाल एका वाक्यात लागला : "मेथीशेजारी ते फटाके ठेवायचे नाहीत." आता तळमजल्यावरच्या थंड जिन्याखाली, स्टोरेजवर.

०

बंद गाडीत, डॅशबोर्डवर, उन्हात : नाही. पाच मिनिटांसाठीही नाही.

०

भाच्याची चूक, त्याच्या परवानगीने. चार्जरच्या मेन्यूत 'लायपो'च्या खाली 'लाय-एचव्ही' असते. त्या वेगळ्या सेलांना ४.३५ व्होल्टपर्यंत भरायचे असते. त्याचे बोट एक पायरी खाली गेले. चार्जरने इमानेइतबारे तीन नंबरला १३.०५ वर नेऊन ठेवले आणि 'पूर्ण' म्हणून शीळ घातली. चार्जरचे काही चुकले नाही. तीन नंबर संध्याकाळपर्यंत पुरीसारखा टम्म.

तेव्हापासून नियम असा की सुरू करताना एकाने वाचायचे, दुसऱ्याने पडदा बघायचा : प्रकार, सेल, करंट. "लायपो, तीन, दोन पॉइंट दोन." तिजोरीला दोन किल्ल्या असतात तसे.

०

करंट एक 'सी', म्हणजे बावीसशेला २.२ अँपिअर. पाच 'सी'ने भरा असे काही पॅकवर छापलेले असते. छापू दे. आणि उडवून उतरवलेला गरम पॅक लगेच चार्जरला नाही. आधी हाताला गार लागला पाहिजे. चहा त्यासाठीच आहे.

०

हिवाळ्याचे उलटे. डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या आसपास असतो तेव्हा धडधाकट पॅकही मरगळलेला वाटतो, कारण गारठ्यात रोध वाढतो. मी एकदा अशाच सकाळी चांगला पॅक 'गेला' म्हणून वहीत लाल शाईने लिहिला. तो अजून उडतो आहे. आता हिवाळ्यात पॅक स्वेटरच्या आत घालून नेतो.

०

या बॅटरीचा जन्म काही कालचा नाही. बाजारात लिथियम-आयन सेल पहिल्यांदा आणला सोनीने, १९९१ मध्ये. ज्यांच्या संशोधनावर तो उभा होता त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना रसायनाचे नोबेल मिळाले २०१९ मध्ये. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे.

मधल्या काळात मोठ्यांचेही हात पोळले. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ड्रीमलायनरच्या बॅटऱ्या पेटल्या, एक बॉस्टनच्या विमानतळावर उभ्या विमानात, दुसरीमुळे जपानमध्ये ताकामात्सूला विमान तातडीने उतरवावे लागले. जगभरची सगळी ड्रीमलायनर जमिनीवर आली. पुन्हा उडाली ती सुधारलेली बॅटरी पोलादी पेटीत बंद करून आणि धूर विमानाबाहेर नेणारी नळी बसवून. माझी जिन्याखालची पत्र्याची पेटी, झाकणाला एका कोपऱ्यात फट ठेवलेली, तत्त्वतः तीच. फट महत्त्वाची. घट्ट बंद डबा हा डबा राहत नाही, बॉम्ब होतो.

०

आग. मी एकदाच पाहिली आहे, दुसऱ्याच्या पॅकची, अपघातानंतर. विमान नाकावर पडले, पॅक चेपला, सगळे म्हणाले काही झाले नाही. वीस मिनिटांनी, खोक्यात. आधी गोडसर वास, नेलपॉलिशच्या किंवा थिनरच्या जातीचा. मग पांढरा धूर, मग सुरसुरीसारखा फवारा.

आत काय होते ते साधारण असे : ऐंशी-शंभर अंशांच्या पुढे ऋण टोकावरचा संरक्षक थर मोडू लागतो आणि स्वतःची उष्णता सोडतो. १३० च्या आसपास दोन टोकांमधला पॉलिथिनचा पडदा वितळतो. पडदा गेला की शॉर्ट, आणि त्याच्या पुढे धन टोकाचे ऑक्साइड ऑक्सिजन सोडायला लागते. म्हणून चादर टाकून गुदमरवता येत नाही. आगीने आपला प्राणवायू सोबत आणलेला असतो.

मैदानात आम्ही कोरड्या वाळूची बादली ठेवतो. वाळूने आग विझत नाही, आवरते. फवारा अडतो आणि शेजारचे पेटत नाही. घरात पेटली तर भरपूर पाणी, थंड करण्यासाठी. शेजारचा सेल तापायच्या आत सगळे गार करायचे. लिथियमवर पाणी टाकू नये हे शाळेत शिकलो होतो, पण इथे शाळेतला धातूचा तुकडा नाही. धूर मात्र विषारी. बाहेर नेता येण्याजोगे असेल तर न्या, नाहीतर माणसे बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

पडलेल्या विमानाचा पॅक लगेच काढून मोकळ्या जमिनीवर, गाडीपासून दूर, तासभर. ती आग पाहिल्यापासून या नियमाला कोणी हसत नाही.

०

चार्जिंग शहाबादी फरशीवर, मातीच्या रिकाम्या कुंडीत, पडद्यापासून लांब. आणि कोणीतरी त्याच खोलीत जागे. रात्री लावून झोपणे बंद. यावर घरात सगळ्यात कमी वाद झाला.

०

भाचा बंगळूरला निघाला, दोन पॅक घेऊन. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच. १०० वॅट-तासांपर्यंत मुभा. आपला बावीसशे ११.१ गुणिले २.२, म्हणजे २४.४. टोकांना चिकटपट्टी, स्टोरेजवर. तीन नंबरही नेतो म्हणाला, "तिकडे कोणीतरी दुरुस्त करेल." फुगलेली बॅटरी कुठल्याच बॅगेत चालत नाही, आणि दुरुस्त कोणीच करत नाही. एखादाच सेल फुगला तर तो काढून दोनच ठेवायचे, असे करणारे आहेत. मी करत नाही. एकाच घरातले तिघे एकाच हवेत वाढले, एकाला जे झाले ते बाकीच्यांना उद्या होणार.

०

सात नंबरची विल्हेवाट. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, हा सर्वत्र सांगितला जाणारा तोडगा. मी एका जुन्या पॅकवर करून पाहिला. मिठाच्या पाण्याने आधी टोकेच खाऊन टाकली. टोके गेल्यावर करंट वाहायला रस्ता नाही, आणि आतले सेल बऱ्यापैकी भरलेले. वरून पाहणाऱ्याला वाटते, मेला. त्यापेक्षा मोटारीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब. अंगणात, कुंडीत, पॅकला जोडून दिला. पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. तासाभरात लालसर झाला, मग विझला. तसाच जोडलेला रात्रभर ठेवला. सकाळी शून्य. मग टोके एकेक करून कापली, दोन्ही एकदम नाही, आणि वर टेप.

भंगारवाल्याला द्यायचा नाही. तो तांबे-ॲल्युमिनियम काढायला हातोडा मारतो आणि त्याच्यासोबत बहुधा त्याचे पोर बसलेले असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदार पहिल्यांदा हात झटकतो. दुसऱ्यांदा नियमाचा कागद घेऊन गेलो तेव्हा त्याने एक खोके काढून दिले. आता आमच्या गटाचे सगळे मेलेले पॅक त्या खोक्यात जातात आणि वर्षातून एकदा ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे.

०

"७. फुगला. का?" याखाली लिहिले :

प्रॉपेलर ११×७, न मोजता. हवेला मागे वाट नाही. सोळा दिवस भरलेला, उन्हाळ्यात. एप्रिलअखेरचा मधला सेल, वाचला नाही. सही.

०

वाचकांपैकी कोणाच्या कपाटात फुगलेला पॅक 'बघू नंतर' म्हणून पडून असेल, विमानाचा असो, जुन्या मोबाइलचा किंवा पॉवर बँकेचा, तर एवढे करा. पुढचे काम नंतर, पण आज झोपण्याआधी तो घराबाहेर, मातीच्या कुंडीत, उन्हा-पावसापासून आडोशाला नेऊन ठेवा.